ड्राइव्हवेतली बोट आणि तिची पेनं

कॅनडातल्या ग्वेल्फच्या पद्मजाताई पेठे यांनी दातांचा दवाखाना बंद केला आणि त्यांचे हात शिवशिवायला लागले. उमेदीची सगळी वर्षं लोकांच्या तोंडात घालवलेली बाई, नुसती बसणार कशी? त्यांनी बेसमेंटमध्ये लाकूड फिरवून कातायचा छोटा लेथ बसवला आणि लाकडाची पेनं करायला घेतली. लाकूड त्यांच्या लेखी दाढेसारखंच: किडकं कोरून काढायचं, चीर असली तर भरायची, मग घासून चकचकीत करायचं. एकदा त्या एका तुकड्याला "जरा आ करा" म्हणाल्या, असं त्यांचे यजमान रवींद्रराव येईल त्या पाहुण्याला सांगत.

पाण्यात मुरलेल्या जुन्या ओकच्या लाकडाची पेनं सुरेख होतात, असं त्यांच्या कानावर आलं. पीटरबरोकडे कॅनालवर गॉर्डन नावाचे गृहस्थ आपली जुनी ओकची बोट मोडीत काढत होते. ताईंनी फोन करून दोन फळ्या मागितल्या. गॉर्डन म्हणाले, सुटी फळी देणार नाही. अख्खी बोट न्या, फुकट न्या, वर घरपोच आणून देतो. फुकट म्हटल्यावर ताईंमधली डॉक्टर मागे सरली आणि साताऱ्याची लेक पुढे झाली. त्यांनी होकार दिला. घरात सांगायचं तेवढं राहून गेलं.

शनिवारी ट्रेलर आला. रवींद्रराव टोमॅटोंना पाणी घालत होते. बोट ड्राइव्हवेत उतरली, तिचं नाक गॅरेजच्या दाराला टेकलं आणि आतली गाडी आतच अडकली. पाण्याचा पाइप तसाच हातात धरून ते बराच वेळ बघत राहिले. त्यांचे बूट भिजले.

"जन्मभर रूट कॅनाल केलेस," ते म्हणाले, "आता कॅनालच घरी आणलास."

बर्फ पडायच्या आत बोट हलली पाहिजे, एवढं बोलून ते पुन्हा टोमॅटोंकडे वळले. मार्कहॅमहून ईशिताचा, त्यांच्या लेकीचा, फोन आला. "आई, यू गॉट अ होल बोट?" एवढंच ती विचारत होती, पुन्हा पुन्हा.

ताई रोज एक फळी उतरवत आणि बेसमेंटमध्ये नेत. पेनं खरोखरच देखणी होत होती. काळपट, मधासारखी झाक असलेली. लेथच्या आवाजाला कंटाळून रवींद्रराव एक दिवस पेपर घेऊन बोटीच्या केबिनमध्ये जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी उशी नेली. मग शेजारीपाजारी गप्पांना यायला लागले. ऑक्टोबर संपेपर्यंत बोट जवळजवळ संपली होती; उरली होती फक्त केबिन आणि तिच्यात रवींद्रराव.

ताई करवत घेऊन गेल्या. "अहो, बाहेर या."

"अग्रलेख वाचतोय," आतून उत्तर आलं. तो अग्रलेख दोन दिवस चालला.

तिसऱ्या दिवशी गॉर्डन ताईंनी त्यांच्यासाठी केलेलं पेन न्यायला आले. ताईंनी त्यांच्याकडे तक्रार केली. गॉर्डननी पेन हातात घेतलं, हुंगलं, खिशाला लावलं, आणि सरळ केबिनमध्ये जाऊन रवींद्ररावांच्या शेजारी बसले. तिथूनच म्हणाले की, सुटी फळी ते मुद्दामच देत नव्हते. एकेक फळी जाताना त्यांना बघवलं नसतं.

ताईंनी करवत खाली ठेवली. त्यांना स्वतःचा दवाखाना आठवला. तिथली विकलेली खुर्ची लोक घेऊन गेले, तेव्हा बघवेना म्हणून त्याही गाडीतून उतरल्या नव्हत्या.

चार शेजाऱ्यांनी हात लावून केबिन मागच्या अंगणात नेली. गॅरेजमधली गाडी मोकळी झाली. पण हात लावायला आलेल्या चौघांनाही पेन हवं होतं आणि लाकूड तर संपलेलं. ताईंनी नवऱ्याशी घासाघीस केली: भिंती तुमच्या, छप्पर तुमचं, दार तेवढं माझ्या पेनांना.

जानेवारीत रवींद्रराव बिनदाराच्या केबिनमध्ये जाडजूड पार्का कोट आणि कानटोपी घालून बसत. हवा छान खेळते, असं ते सांगत.