कुसुमबाईंची चार कारणं

सून तिसऱ्यांदा दवाखान्यातून रिकामी परत आली, त्या दिवशी कुसुमबाईंनी कुकर लावला, पाण्याचं मडकं भरलं आणि भिंतीला टेकून बसल्या. आता आपले मालक चष्मा पुसतील, खुर्ची ओढतील आणि विचारायला सुरुवात करतील, हे त्यांना ठाऊक होतं. चाळीस वर्षांच्या संसारात बाई नवऱ्याला एवढं तर ओळखतेच. अंबादासांनी चष्मा पुसला, खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि विचारलं, "बेटा, मागच्या आठवड्यात तू काय काय उचललं होतं?"

मनीषा भिंतीकडे तोंड करून पडली होती. "काही नाही, मामाजी."

"जिना किती वेळा चढली?"

"आठवत नाही."

"आठव. घाई नाही."

अंबादास वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगितलेलं बरं. दारूला शिवले नाहीत, बायकोवर हात उगारला नाही, उलट तिला क्वार्टरच्या ओसरीत बसवून लिहायला-वाचायला शिकवलं. संरक्षण खात्याच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं तपासनिसाची नोकरी केली. बनून आलेला माल बघायचा, बिघडलेला तुकडा बाजूला काढायचा आणि तो का बिघडला ते शोधायचं, हे त्यांचं काम. कारण सापडल्याशिवाय गडी जागचा हलत नसे. "बिनकारणाचं काही होत नसते," हे त्यांचं पालुपद. कारखान्यात हेच शिकवलं होतं आणि विहारातही हेच ऐकलं होतं, म्हणून त्यांना त्यात तिळमात्र शंका नव्हती.

शेजारच्या पंडिताइनच्या घरी असं काही झालं की शनी वाईट असायचा, कुणाची तरी नजर लागलेली असायची, नाहीतर नर्मदामाईचा काही नवस राहिलेला असायचा. घाटावर नारळ सोडला, दिवा सोडला, की त्यांच्या घरातल्या पोरीला निदान रात्रीची झोप लागायची. अंबादासांच्या घरात ग्रह नव्हता, नजर नव्हती, कोपणारी देवी नव्हती. ते चांगलंच होतं, कुसुमबाईंना त्याबद्दल तक्रार नव्हती. पण दोष म्हणून जो काही असतो त्याला कुठेतरी टेकायला जागा लागते, आणि या घरात त्याच्यासाठी बाईशिवाय दुसरं कोणी उरलंच नव्हतं.

कुसुमबाईंना हे अनुभवाने माहीत होतं. तुमसरजवळच्या खेड्यातून त्या लग्न होऊन जबलपूरला आल्या तेव्हा अठराच्या होत्या. पहिलं पोट तिसऱ्या महिन्यात गेलं, आणि कारण निघालं की सार्वजनिक नळावरून दोन दोन बादल्या आणल्या. दुसरं गेलं तेव्हा शेजारणीकडे पपईची फोड खाल्ल्याचं निघालं. एक फोड! तिसरं गेलं ते दसऱ्याला नागपूरला जाऊन आल्यावर, गोंदियापर्यंत छोट्या लाईनच्या गाडीत उभ्याने प्रवास केला म्हणून. मग चौथ्या वेळी अंबादासांनी बायकोला पलंगावर बसवून ठेवलं. बादली स्वतः भरली, पपई दारात येऊ दिली नाही, प्रवास बंद. आणि दिवाकर झाला. झालं, आता अंबादासांना खोटं कोण ठरवणार? पोरगं पाळण्यात हातपाय हलवत पुरावा देत होतं.

दिवाकरनंतर आणखी एक गेलं. त्याचं कारण कुसुमबाई कोणाला सांगत नसत.

बाकीची तीन मात्र त्यांनी सुनेला आंदण दिल्यासारखी देऊन टाकली होती. मनीषाने सासूचं अक्षरन् अक्षर पाळलं. पहिलं गेल्यावर बादली सोडली, दुसरं गेल्यावर माहेर सोडलं, आणि या तिसऱ्या वेळी तर ती नऊ आठवडे न्हाणीघराशिवाय कुठे उठून गेली नव्हती. तरी गेलंच. सासरे उठून बाहेर गेले तेव्हा ती भिंतीकडेच बघत म्हणाली, "आत्याबाई, यावेळी तर मी काहीच केलं नाही. काहीच नाही केलं तरी मीच केलं का?"

कुकरची शिटी झाली म्हणून कुसुमबाई उठल्या.

आठवड्याने सगळे जबलपुरातच गोरखपूर नावाच्या वस्तीतल्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. अंबादासांनी नेहमीच्या सुबक अक्षरात दोन पानं लिहून नेली होती. कोणत्या तारखेला सून किती वेळा उठली, काय खाल्लं, कोणत्या दिवशी फुगा फुटला तेव्हा दचकली. डॉक्टरीणबाईंनी ती दोन्ही पानं वाचली, अगदी शेवटपर्यंत, आणि घडी करून त्यांना परत दिली.

"बाबूजी, इसमें से किसी चीज़ से नहीं होता," त्या म्हणाल्या. "न सीढ़ी से, न बाल्टी से, न डरने से."

"फिर किससे होता है?" अंबादासांनी पेनाचं टोपण काढलं.

बाई थकलेल्या दिसत होत्या, पण त्यांनी समजावून सांगितलं. सुरुवातीच्या महिन्यांत जी पोटं जातात, त्यातली बरीचशी गर्भ धरतानाच काहीतरी कमीजास्त झाल्यामुळे जातात. ते कोणी करत नाही आणि कोणी थांबवूही शकत नाही. पण तीनदा गेलं तर शोध घ्यायला हवा. थायरॉईड, साखर, पिशवीचा आकार, रक्त घट्ट होण्याचा काही दोष आहे का, हे सगळं बघायचं. आणि एवढं करूनही अर्ध्याअधिक बायकांमध्ये कारण सापडतच नाही, हेही त्यांनी सांगून ठेवलं. हे शेवटचं वाक्य अंबादासांनी लिहून घेतलं नाही.

"और दोनों का ख़ून जाएगा. पति का भी."

"लड़के का क्यों?"

"बच्चा दोनों का है न, बाबूजी."

मनीषाच्या तपासण्या एकेक करत चांगल्या आल्या. प्रत्येक चांगल्या रिपोर्टबरोबर अंबादासांचा चेहरा उतरत गेला, कारण प्रत्येक वेळी एक दार बंद होत होतं. मनीषाचा चेहराही उतरला. काहीतरी निघालं असतं तर एक गोळी घेतली असती आणि प्रश्न थांबले असते, असं ती एकदा भाजी निवडताना म्हणाली. दोघांचं जे रक्त मुंबईला गेलं होतं, त्याला महिना लागला.

त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी आधी दिवाकरला खुर्चीवर बसायला सांगितलं. शरीराच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रं असतात, अर्धी आईकडून, अर्धी बापाकडून आलेली. दिवाकरच्या दोन गुणसूत्रांनी आपले तुकडे एकमेकांत बदलून घेतले आहेत. त्याच्याजवळ सगळं आहे, फक्त जागा बदललेली, म्हणून तो धडधाकट. पण बाळाला देताना कधी जास्त जातं, कधी कमी जातं, आणि असं बाळ टिकत नाही. कधी कधी बरोबर जातं, आणि मग बाळ चांगलं होतं. "अगली बार ठीक भी हो सकता है. मैं वादा नहीं करूँगी, पर हो सकता है. और इसमें किसी की ग़लती नहीं है, समझे भैया?"

दिवाकरने मान हलवली. तो आपल्या तळहाताकडे बघत होता.

"कई बार यह माँ या बाप से आता है," बाई कुसुमबाईंकडे वळल्या. "माताजी, आपके भी गिरे थे क्या?"

"चार," कुसुमबाई म्हणाल्या. हा आकडा त्यांनी परक्या माणसासमोर पहिल्यांदाच उच्चारला होता. मग त्यांनी विचारलं, "रोने से भी नहीं होता?"

"किससे?"

"रोने से. कोई बहुत रोए तो?"

"नहीं माताजी. रोने से तो कभी नहीं."

दिवाकर दोन वर्षांचा होता तेव्हा तुमसरहून तार आली होती, माय गेल्याची. कुसुमबाईंना तिसरा महिना होता. प्रवासाने काय होतं ते घरात सिद्ध झालेलं होतं, म्हणून त्यांना जाऊ दिलं नाही. मायचं तोंड दिसलं नाही. त्या दोन दिवस क्वार्टरच्या मागच्या खोलीत रडल्या, आणि चौथ्या दिवशी पोट गेलं. कारखान्यातून आलेल्या अंबादासांनी चष्मा पुसून, आवाज अजिबात न चढवता विचारलं होतं, "काहून रडली एवढी?" कुसुमबाईंना तेव्हा वाटलं, खरंच, काहून रडलो आपण? माय तर गेलीच होती. रडून एक जीव आणखी घालवला. त्यानंतर त्या सहसा रडल्या नाहीत. बाप गेला तेव्हाही नाही.

घरी परत आल्यावर एक गंमत झाली, गंमत म्हणायची तर. कोणी कोणाला काही विचारलं नाही. सहा वर्षं मनीषाच्या उठण्या-बसण्याचा पंचनामा करणारं घर एकदम गप्प झालं. तू काय खाल्लं, काय उचललं, रिछाईच्या कारखान्यात कोणत्या मशीनवर उभा राहतोस, खड्ड्यातून सायकल काहून दामटतोस, असं दिवाकरला कोणी विचारलं नाही. कारण सापडलं होतं ना! पण ते मुलात सापडलं, तर त्याच्या ताटात एक पोळी जास्त पडली. ती वाढली कुसुमबाईंनीच, आणि वाढून झाल्यावर त्यांचं त्यांनाच ते दिसलं. त्यांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी दुसरी पोळी मनीषाच्या ताटात वाढली, पण पहिली ती पहिली.

दिवाकरला घास जाईना. मनीषाच त्याला म्हणाली, "जेवा तुम्ही. तुम्ही काही नाही केलं." मग जरा वेळाने, "मी पण नव्हतं केलं."

दिवाकर म्हणाला, "मी कधी म्हटलं होतं का?"

"नाही म्हटलं. पण मामाजी विचारत होते तेव्हा तुम्ही तिथंच बसून राहत होते."

तिने ते धसास लावलं नाही. तेवढं बळ तिच्यात नव्हतं. पुढचं वर्षभर या विषयावर मला कोणी काही विचारू नका, एवढं तिने सासूला सांगितलं, आणि ताट उचलून ती आत गेली. कुसुमबाई म्हणाल्या, "नाही विचारणार कोणी. मी पाहतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंबादास चहा घेताना म्हणाले, "कुसुम, मी रात्रभर विचार करून राहिलो. आपण दोघं रक्त देऊन टाकू."

"कायले?"

"दिवाकरला कोणाकडून आलं ते समजन. तुझ्याकडून, का माझ्याकडून."

"समजून काय करता?"

"करायचं काही नाही. पण कारण अर्धवट राहते ना."

कुसुमबाईंनी गाळणीतली चहापत्ती कुंडीत टाकली. माणूस सत्तरीला आला होता आणि अजून त्याला अर्धवट तुकडा टेबलावर ठेवून उठता येत नव्हतं. त्यांना राग आला नाही. राग यायलाही अंगात काहीतरी शिल्लक असावं लागतं.

"मी नाही देत रक्त," त्या म्हणाल्या.

"काहून?"

कुसुमबाई त्यांच्यासमोर खुर्चीवर बसल्या. एरवी त्या चहा देऊन परत फिरत.

"तिकडून तार आली तेव्हा बी तुम्ही असंच विचारलं होतं. काहून रडली म्हणून. मी तेव्हा सांगितलं नाही तुम्हाला."

अंबादासांनी मान वर केली.

"माय मेली होती जी माझी. म्हणून रडली."

अंबादासांना पुढचा प्रश्न सुचला नाही.