ठंडाकाकांचं तेल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. ठंडाकाकांच्या शेवटच्या तेलात जे होतं, ते मी आणून दिलं होतं. आणि त्याबद्दल त्यांना अर्धंच सांगितलं होतं.

ठंडाकाका जरीपटका वस्तीतले आमचे शेजारी. तिळाच्या तेलात पिपरमिंटचे खडे आणि कापूर विरघळवायचे, बाटल्या सायकलला बांधून बाजारोबाजार विकायचे. गिऱ्हाइकाच्या टाळूवर आधी स्वतः चोळायचे. "आता सांग गा, कूलर लागला का नाही डोक्यात?"

मी सुगंधी मालाच्या कारखान्यात, म्हणून माझं नाव त्यांनी 'केमिस्ट्री' ठेवलेलं. "काय गा केमिस्ट्री, डोये झोंबते म्हणते लोकं. काही कर ना!" मी एक पांढरी भुकटी दिली. तिला वास नाही, झोंबणं नाही. कातडीतल्या ज्या नसांना गारवा कळतो, त्यांनाच ती चेतवते. पिपरमिंटही तेच करतं, पण ही कितीतरी जोरात. अंग मात्र जराही थंड होत नाही. हे शेवटचं मी बोललो नाही. काका इतके खूश झाले होते. "अबे, पेंच धरणाचं पाणी सोडलं तू डोक्यात!"

पूर्वी डोकं तापलं की ते कडुलिंबाखाली सायकल लावून बसायचे. आता डोकं तापल्याचं कळेचना, बसणं सुटलं. नवतप्यात, उन्हाळ्यातल्या त्या सर्वांत कडक नऊ दिवसांत, भर दुपारी कामठीहून आले आणि आमच्या दारातच टेकले. मी कपाळाला हात लावला नि झटकन मागे घेतला. तवा! घामाचा थेंब नाही. आणि ते हसून म्हणाले, "मस्त ठंडं लागून राहिलं गा."

त्यानंतर ते बोललेच नाहीत. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "डोक्याला काय लावलंय?" मी म्हणालो, "तेल."

तेरवीला काकू माझ्या बायकोच्या गळ्यात पडून रडल्या. "त्या दिवशी त्यायच्या खिशात कांदा ठेवायले विसरली वं मी. माह्यामुळं गेले ते." खिशात कांदा असला की लू, म्हणजे उन्हाची झळ, लागत नाही, असं आमच्याकडे मानतात. मी चहाचा कप धरून तिथेच उभा होतो. ऐकलं, आणि कप विसळायला आत गेलो.

अजूनही उन्हाळ्यात मी बाहेर निघालो की काकू फाटकाशी अडवतात आणि माझ्या खिशात कांदा घालतात. मी घालू देतो.

काका त्यांच्या विसरण्यानं गेले नाहीत, हे काकूंना तोंडावर सांगायचं देणं मी लागतो.