साडूचं इंजिन

अख्ख्या अमिरातीत सुखी माणूस एकच आहे, आणि दुर्दैवाने तो माझा साडू आहे. दुसरा कुणी असता तर मी त्याच्याकडे पाठ फिरवून खुशाल झोपलो असतो. पण बायकोच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचं सुख टाळता येत नाही. ते रास अल खैमाहून परतताना बायकोच्या तोंडून थेट शारजापर्यंत पुरतं. मी शारजात, अल नहदात चौदाव्या मजल्यावर राहतो. संध्याकाळी गाडीला पार्किंग मिळालं तर तो दिवस मी सणासारखा मानतो. साडू रास अल खैमात टाइल्सच्या कारखान्यात सुपरवायझर, पगार माझ्याहून कमी. पण त्याच्या घराला अंगण आहे, अंगणात पत्र्याची शेड आहे, आणि शेडमध्ये एक अमेरिकन मसल कार आहे, वयाने माझ्याहून मोठी आणि लांबीने माझ्या हॉलहून. तिचं कार्बोरेटरवालं दमेकरी इंजिन काढून त्या जागी आजकालचं, फ्युएल इंजेक्शनचं, कॉम्प्युटरच्या हुकमात चालणारं व्ही-एट बसवायचं, असा त्याचा बेत. तीन वर्षं तो बेत चालला होता आणि तीन वर्षं मी तो फसण्याची मनोभावे वाट पाहत होतो.

घरी पाहुणे आले की हा गृहस्थ आधी गाडीची ओळख करून देतो, मग बायकोची. त्याचे नटबोल्ट श्रीखंडाच्या डब्यांत असतात. एका पाडव्याला माझ्या पानाशेजारी मोठ्या आदराने जो डबा उघडला गेला त्यात वॉशर निघाले. त्याने एकदा इडलीपात्रात बेअरिंग तापवली, तर मेहुणी म्हणते कशी, "वास गेला की लावते इडल्या." मी सोफ्यावर ओला टॉवेल टाकला तर आमच्याकडे दोन दिवस अबोला! सल्ला तो सगळ्यांचा घेतो. शेजारचा अरब म्हातारा, पठाण वेल्डर, गॅस सिलिंडर आणणारा मल्याळी, कुणीही शेडमध्ये डोकावलं की "हबीबी, इधर आओ, ये फ्युएल पंप टंकी के अंदर रखूँ या बाहर?" आणि करतो मात्र स्वतःच्या मनाचंच. दहावीतली लेक दारातून सांगते, "डॅड, इट्स नॉट स्टार्टिंग टुडे आयदर." त्यावर तो असा खदखदून हसतो की आपण का हसत नाही, या विचाराने मला जेवण जात नाही.

हे सगळं मी पोटात घातलं असतं. पण गेल्या हिवाळ्यात आमचे सासरे, नाना, चिपळूणहून महिन्याच्या व्हिसावर आले. नानांची हयात बसडेपोच्या वर्कशॉपात गेली. इंजिनावर नुसता तळवा ठेवून ते आतलं दुखणं सांगत. थोरला जावई म्हणून पहिला मान माझा. मी त्यांना उंच टॉवर दाखवला, कारंजी दाखवली, तीन मॉल दाखवले. तिसऱ्या मॉलमध्ये नाना म्हणाले, "जावईबापू, इथं सगळं झालेलंच आहे. करायचं काय आपण?" पाचव्या दिवशी त्यांना साडूकडे सोडलं ते परत म्हणून आले नाहीत. रोज संध्याकाळी बायकोला फोन. "आज जुनं इंजिन उतरवलं गो! आज नव्या इंजिनाच्या बैठकीचं फाउंडेशन बेतलं!" कितीतरी वर्षांत बापाचा असा आवाज ऐकला नव्हता, असं म्हणून ती डोळे पुसायची. मी बायकोच्या बापाला एवढा आनंद कधी दिला नव्हता. मला तो आवाज सहन होत नव्हता.

आणि नेमकं नवं इंजिन जबल अली बंदरात माझ्याच ऑफिसच्या हद्दीत उतरलं. कस्टममधून माल सोडवणाऱ्या एका क्लिअरिंग कंपनीत मी कागदपत्रं बघतो. साडूचा फोन आला, "साडूभाऊ, आता सगळं तुमच्या हातात. नाना एकवीसला जातायत, त्याआधी एकदा तरी स्टार्ट करायचंय." इनव्हॉइसवर इंजिन नंबर नव्हता, आणि त्यावाचून कस्टम माल सोडत नाही. सप्लायरला एक ईमेल केला की काम खलास. तो ईमेल मी लिहिला आणि पाठवला नाही. साडूने विचारलं की म्हणायचो, "इन्शाल्ला, उद्या." असे चार उद्या गेले. मुद्दाम केलं असं मी तेव्हा स्वतःलाही सांगत नव्हतो. काम फार आहे, असंच सांगत होतो.

इंजिन सुटलं तेव्हा नानांचे दोन दिवस उरले होते. दोघांनी इंजिन जागेवर बसवलं, पण वायरिंग राहिलं. विमानतळावर नाना स्वतःच्या काळ्या नखांकडे बघत होते. मला म्हणाले, "तुम्ही धावपळ केलीत फार, जावईबापू."

आठवड्याने गाडी सुरू झाली. आम्ही सगळे शेडमध्ये होतो. पहिल्याच चावीला इंजिन असं गरजलं की पत्रे थरथरले. साडूने फोन बॉनेटवर धरला. पलीकडे चिपळुणात नानांनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाले, "फोनमधून काय कळणार? हात ठेवून बघायला हवं होतं." साडू म्हणाला, "पुढल्या हिवाळ्यात या, नाना!" नाना नुसते हसले. त्यांचे गुडघे आता जिना चढू देत नाहीत, पुन्हा विमानप्रवास होणार नाही, हे आम्हा सगळ्यांनाच ठाऊक होतं.

साडूने चावी माझ्या हातात दिली. "पहिली चक्कर थोरल्या जावयाची. नानांचा हुकूम आहे."

साडू माझ्या शेजारी बसला. फाटकाबाहेर पडल्यावर मला राहवलं नाही. मी गाडी कडेला घेतली आणि म्हणालो, "सप्लायरला पाठवायचा ईमेल चार दिवस माझ्याकडेच पडून होता."

"माहीत आहे. कस्टमच्या पोर्टलवर दिसतं हो. पेंडिंग, आणि पुढे तुमचं नाव."

"नानांना ठाऊक आहे?"

"कागदात माझीच चूक झाली, म्हणून सांगितलंय." त्याने डॅशबोर्डवरची धूळ बोटाने पुसली. नेहमीचं हसू त्याच्या चेहऱ्यावर नव्हतं. मग म्हणाला, "यल्ला, चला साडूभाऊ, गिअर टाका. गरम होईल."

मी गिअर टाकला. गाडी लोण्यासारखी निघाली. त्या दिवसापर्यंत मला त्याच्या अंगणाचा, शेडचा, हसण्याचा हेवा वाटत होता. तो अजूनही वाटतो, खोटं का बोला. पण तीन मॉल दाखवून मला नानांकडे जो मान साधला नाही, तो त्याने चूक स्वतःवर घेऊन एका वाक्यात मला मिळवून दिला होता, आणि नानांचा हात मात्र त्या चालू इंजिनावर पडायचा तो राहूनच गेला.