सहादू गुळव्याचा हात

प्रवरेच्या काठावर आमच्या गावात तीन गुऱ्हाळं होती, आणि तिन्हींवर गुळव्या एकच, सहादू. उसाचा रस काहिलीत आटत आला की पाक नेमका कधी उतरवायचा हे तो ठरवी. ओला हात करून पाकाचा थेंब उचलायचा, पाण्यात निववायचा आणि दोन बोटांत मळून बघायचा; कानाच्या पाळीइतका मऊ लागला की पाक झाला. मग तो फक्त मान हलवी, आणि आठ माणसं काहील उचलायला धावत. त्याचा गूळ नगरच्या बाजारात लांबून ओळखू येई. स्वतःची जमीन म्हणाल तर खडकाळ माळाचा तुकडा. जे होतं ते हातात होतं.

सत्तर साली नदीपलीकडं सहकारी साखर कारखान्याचा बॉयलर पेटला. सभासदानं ऊस कारखान्यालाच घालायचा, असा नियम. दोन गुऱ्हाळं थंडावली, आणि पुढच्या वर्षी तिसऱ्याचे मालक असलेल्या मच्छिंद्र पाटलांनीही आपलं गुऱ्हाळ बंद केलं. ते सहादूच्या घरी आले, ओट्यावर बसले आणि म्हणाले, की कारखान्यात तुझ्यासाठी शब्द टाकलाय, पाक तिथंही शिजतोच की.

सहादूला ते पटलं. पहिल्या दिवशी धुतलेलं धोतर नेसून तो गेला. साखर शिजवायच्या मजल्यावर त्याला कुणी जाऊ दिलं नाही. तिथं शिकलेली माणसं काचेच्या पट्टीवर पाक घेऊन उजेडात बघत होती. टाइमकीपरनं शाळेचा दाखला मागितला. तो नव्हता, म्हणून त्याला चुन्याच्या शेडमध्ये धाडलं. रस निवळायला लागणारी चुन्याची निवळी तिथं तयार व्हायची. कळीचा चुना पाटीनं हौदात टाकायचा आणि पाण्यात घोटायचा.

हातमोजे नव्हते. महिन्याभरात बोटांना भेगा पडल्या. फेब्रुवारीत एक दिवस हौद एकदम उसळला आणि उकळता चुना त्याच्या दोन्ही हातांवर आला. डोळे वाचले. तालुक्याच्या दवाखान्यात तो सव्वा महिना होता. जखमा भरल्या, पण बोटांची टोकं गुळगुळीत, पांढरी झाली आणि त्यांना काही कळेना. बायकोनं, भागिरथीनं, भाकरीचा गरम तुकडा हातावर ठेवला, तर तो विचारी, "निवलीय का गं?"

त्या साली पाऊस आलाच नाही. विहिरी तळाला गेल्या, कारखान्यानं दोन महिन्यांत गाळप आटोपलं आणि हंगामी माणसं घरी बसवली. बहुतेक ऊस छावणीतल्या जनावरांना गेला. मच्छिंद्र पाटलांच्या विहिरीखाली बोटभर पेरांचा अर्धा एकर ऊस तेवढा उरला होता. गुळाला कधी नव्हे ती मागणी आली होती. पाटलांनी सहादूला बोलावलं. आधी एक काहील काढून बघू, म्हणाले. जमलं तर आणखी दहा घरांना चार दिवस काम मिळेल.

बोटांना कळत नाही, हे सहादूनं कुणाला सांगितलं नाही. भागिरथीनं विचारलं, तेव्हा म्हणाला, "वासावरून कळंल. डोळं हायेत की."

इंजिनवर चरक फिरला, चुलवण पेटलं, साल-दोन सालांनी गावात उसाचा वास सुटला. लोक चुलवणाभोवती येऊन बसले. पण दुष्काळात खारं पाणी पिऊन तगलेला तो ऊस. त्याचा रस नेहमीसारखा फुगेना, बुडबुड्यांचा रंगही वेगळा. नाक आणि डोळे दोन वेगळ्या गोष्टी सांगू लागले. सहादूनं थेंब उचलला, पाण्यात निववला, बोटांत मळला. पुन्हा मळला.

त्यानं भागिरथीला हाक मारली. बाईमाणसानं काहिलीशी यायची रीत नव्हती. ती सगळ्यांदेखत आली. त्यानं थेंब तिच्या बोटांत दिला.

"कसं लागतंय?"

"मऊ."

"मऊ म्हंजी कसं? कानाच्या पाळीवानी, का लोन्यावानी?"

ती गोंधळली. आयुष्यात तिनं हे कधी केलं नव्हतं. "लोन्यावानी," ती म्हणाली. मग म्हणाली, "न्हाई. आता कडक झालं."

तोवर तळ लागला होता. काहील उतरवली, पण निववायच्या वाफ्यात ओतलेला पाक काळा होता आणि कडवट वास सगळ्यांना आला.

पाटलांनी खडा जिभेवर ठेवला आणि थुंकला. "जाऊ दे, सहादू. जनावरं खातील."

ते रागावले असते, तर बरं झालं असतं, असं सहादूनं पुढं माझ्या वडिलांना सांगितलं. त्यानं हात पुढं करून पाटलांना दाखवले. "मला कळत न्हाई, पाटील. मी आदीच सांगाया पायजे हुतं." पाटलांनी त्या हातांकडं पाहिलं आणि मान खाली घातली. राहिलेला ऊस त्याच दिवशी छावणीत गेला.

उन्हाळाभर भागिरथी दुष्काळी कामावर खडी फोडत होती. सहादूच्या हातात घण टिकत नव्हता.

त्र्याहत्तरला पाऊस झाला. ऊस पुन्हा उभा राहिला आणि पुढं कारखान्याचा भोंगा वाजू लागला. सहादूला आता कामावर घेत नव्हते. त्याच्या जागी चुन्याच्या शेडमध्ये भागिरथीला घेतलं. पहिल्या सकाळी सहादूनं तिच्या हातांना कोपरापर्यंत गोडं तेल चोळलं आणि जुनं धोतर फाडून चिंध्या बांधल्या. गाठ त्याच्या बोटांना बसेना, म्हणून त्यानं ती दातांनी आवळली.