नर्सम्मा पुन्हा पुन्हा का येत

नर्सम्मा गेल्याचं मला त्यांच्या मुलाच्या फोनवरून कळलं. सकाळची वेळ, मी डोशाचं पीठ ढवळत होते. अनोळखी नंबर म्हणून पहिल्यांदा उचलला नाही. पुन्हा वाजला तेव्हा हात पुसून घेतला. पलीकडचा पुरुष जरा अडखळत तमिळमध्ये विचारत होता, "तुम्ही तंजावूरच्या राजवाड्याजवळ राहता का? तुमचं नाव मला ठाऊक नाही. अम्माच्या मोबाईलमध्ये हा नंबर 'रेंडावदु पोण्णु' असा लिहिलेला आहे." रेंडावदु पोण्णु म्हणजे दुसरी मुलगी. मी म्हटलं, हो, त्या दुसऱ्या मुलीची आई मी. मग त्याने सांगितलं, अम्मा परवा गेली. हृदयाचं दुखणं होतंच. तिरुवैयारुलाच सगळं उरकलं... फोन ठेवून मी पुन्हा पिठाशी आले आणि बराच वेळ नुसती ढवळत राहिले.

त्यांचं पूर्ण नाव मंगैयर्करसी. आमच्या गल्लीत मात्र सगळे नर्सम्माच म्हणत. सरकारी आरोग्य केंद्रातून घरोघरी येऊन बाळंतिणी आणि तान्ही बाळं तपासणं हे त्यांचं काम. मी मूळची मिरजेची. लग्न होऊन तंजावुरात आले ती राजवाड्यामागच्या गल्लीतल्या मराठी घरात. सासूबाईंची तंजावुरी मराठी मला पहिले काही महिने निम्मीच कळे, आणि तमिळ तर मुळीच नाही. थोरली सुधा झाली तेव्हा आमच्या भागात दुसरी एक नर्स होती. ती ओट्यापाशी सायकल टेकवायची, बाळाला टोचायची, पुढची तारीख सांगायची आणि कॉफीला नको म्हणून निघून जायची. तिच्याबद्दल आमची तक्रार नव्हती. ती आली काय, गेली काय, घराला पत्ता लागत नसे.

वैदेही झाली ती त्यानंतर काही वर्षांनी. गल्लीत घराघरावर केबलच्या तारा आल्या होत्या, कोपऱ्यावर एसटीडी बूथ उघडला होता, आणि टीव्हीवर दुधाच्या पावडरीच्या जाहिरातींतून गुबगुबीत बाळं हसत होती. आमचं बाळ तसं नव्हतं. जन्मतःच लहान, अंगावर ओढायला दमायचं, चार घोट घेऊन डोळे मिटायचं. दवाखान्यातून घरी आलो त्याच दिवशी नव्या नर्सम्मा आल्या. रंगाने सावळ्या, उंच, निळी साडी, खांद्याला पिशवी. सासूबाईंनी मोठा उसासा टाकून त्यांना सांगितलं की ही पण मुलगीच झाली. सासूबाई मुलींचा दुस्वास करणाऱ्या नव्हत्या; सुधाला त्या डोक्यावर घेऊन नाचत. पण उसासा टाकला तो टाकलाच. आणि मी त्या वेळी भिंतीकडे तोंड करून पडले होते. नर्सम्मांनी बाळाला झोळीत घालून ताणकाट्याला टांगलं, काट्याकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे, मग माझ्या पाठीकडे.

त्यानंतर त्या येऊ लागल्या... कधी सकाळी नाश्त्याच्या वेळी, कधी भर उन्हात, कधी दिवेलागणीला. न सांगता येत आणि थेट माजघरात शिरत. दूध कोण पाजतं, अंघोळ कोण घालतं, असं विचारत. बोंडलं उचलून त्याचा वास घेत. सासूबाई गुटी उगाळत ती सहाण त्यांनी एकदा बोटाने पुसून जिभेला लावली. सासूबाईंना आधी कौतुकच वाटलं. मागच्या नर्सला उंबरा ओलांडायला सवड नव्हती, आणि ही बघा किती मायेने करते, असं त्या शेजारीपाजारी सांगत. मला मात्र त्यांचा जाच होई. कुशीवर वळून जरा डोळा लागावा तो दारात निळी साडी. शिवाय त्यांचं बोलणं तुटक. बाळाच्या नाकात तेल सोडू नका म्हणाल्या ते ठीक; पण ते सांगताना सासूबाईंच्या हातातली वाटी त्यांनी काढूनच घेतली.

शेजारच्या कमलाअक्कांनी एक दिवस ते सांगितलं. नर्सम्मा त्यांच्याकडे चौकशी करून गेल्या होत्या. त्या घरातून बाळाचं रडणं ऐकू येतं ना? सासू काय म्हणते? नवरा मुलीला उचलून घेतो का? त्या दिवसांत एका दुसऱ्या जिल्ह्यातल्या नवजात मुलींच्या मृत्यूंबद्दल पेपरात जे छापून येत होतं, ते आम्ही सगळ्यांनी वाचलेलं होतं. ह्यांचा चेहरा लाल झाला. वरच्या अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करतो म्हणाले. सासूबाईंनी त्यांना थांबवलं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी नर्सम्मा आल्या तेव्हा सासूबाई ओट्यावर दाराच्या मधोमध बसल्या होत्या, आणि हलल्या नाहीत.

"आमच्यावर संशय आहे तुझा?" त्यांनी विचारलं.

नर्सम्मांनी पिशवी खाली ठेवली नाही. म्हणाल्या, "आहे, मामी."

मी आत उंबऱ्याशी बाळाला घेऊन उभी होते. तोवर मला तमिळ कळू लागलं होतं. प्रत्येक शब्द कळला. नर्सम्मा म्हणाल्या, आधी ज्या गावात नेमणूक होती तिथे असंच एक घर होतं. स्वच्छ, शिकलेलं, देवाधर्माचं. बाळ अशक्त होतं, आई बोलत नव्हती. चांगले लोक आहेत, असं मानून त्या पुढच्या घरी गेल्या. पुन्हा गेल्या तेव्हा पाळणा रिकामा होता. ताप आला होता म्हणाले.

"त्या घरातही मला कॉफी दिली होती," त्या म्हणाल्या.

सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज चढलेलाच होता. त्या म्हणाल्या, "आमची पोर सुकते आहे ते आम्हाला दिसत नाही का? उपाय ठाऊक असेल तर ये. पोलीस होऊन येणार असशील तर इथूनच जा." आणि त्या बाजूला सरकल्या. नर्सम्मा चपला काढून आत आल्या आणि पहिल्यांदाच माझ्याजवळ जमिनीवर बसल्या.

मला वाटलं, बाळाबद्दल विचारतील. त्यांनी विचारलं, तुला हे मूल हवं आहे का? दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर मी उठून गेले असते. पण हा प्रश्न घरात इतके दिवस नुसता तरंगत होता, आणि त्यांनी तो सरळ उच्चारला. मी म्हटलं, मला कळत नाही. मला काहीच वाटत नाही, फक्त झोप यावीशी वाटते. मोडक्यातोडक्या तमिळमध्ये एवढं सांगताना मला घाम फुटला. त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, "वाटणं मागून येतं. आधी दूध." मग दूध पिळून बोंडल्याने थोडंथोडं कसं घालायचं, बाळाला छातीशी उघडं कसं धरून ठेवायचं, हे त्यांनी स्वतः बसून दाखवलं. सासूबाईंना सांगितलं, दुपारी हिला कोणी उठवू नका. ह्यांना बोलावून सांगितलं, संध्याकाळी ऑफिसातून आलात की बाळ तुमच्याकडे. हे तेव्हा धुसफुसत होते, तरी त्यांनी ते केलं. वैदेहीचं वजन हळूहळू वाढलं. आणि मागून जे येणार होतं तेही आलं... कधी, ते मला सांगता येणार नाही. एका दुपारी तिचं जावळ हुंगत बसले होते, तेव्हा लक्षात आलं, एवढंच.

मरणानंतर माणसाला देव करायची आपल्याला घाई असते, म्हणून पुढचंही सांगते. इंजेक्शननंतर वैदेहीला ताप भरला तेव्हा नर्सम्मा ठासून म्हणाल्या, हा सुईचा ताप, उद्या उतरेल. ह्यांना ते पटलं नाही. रिक्षा करून ते तिला मोठ्या इस्पितळात घेऊन गेले. छातीत कफ धरला होता. ठेवून घ्यावं लागलं. नर्सम्मांवर विसंबून राहिलो असतो तर काय झालं असतं, हे डॉक्टरांनी आमच्यासमोर बोलून दाखवलं. दुसऱ्या दिवशी नर्सम्मा वॉर्डात आल्या. चूक झाली असं त्या म्हणाल्या नाहीत. सासूबाईंशेजारी बाकावर बसल्या आणि त्यांना डबा खायला लावून गेल्या; मग रोजच येऊ लागल्या. सासूबाईंनी त्यांच्याबद्दलचा निकाल तिथेच दिला, "चुकत्ये, पण येत्ये." आमच्या घरात हे वाक्य नंतर अनेकांना लागू झालं. गल्लीतल्या इतर सुनांची मतं वेगवेगळी होती. कोणाला त्यांनी चारचौघांत झापलं होतं, कोणाला पावडरीचा डबा फेकायला लावलं होतं. एका घराने तर त्यांना दार उघडणंच बंद केलं होतं.

वैदेही कॉलेजात असताना मी तिला हे सगळं सांगितलं. मला वाटलं, चिडेल. ती म्हणाली, "तुम्हाला अपमान वाटला. मला नाही वाटत, आई. माझ्यासाठी कोणीतरी भांडायच्या तयारीने येत होतं." सासूबाई आता नाहीत. हे अजूनही नर्सम्मांचं नाव निघालं की पेपर तोंडापुढे धरतात. आणि मला... मला तो अपमान आजही थोडा वाटतो, आणि वैदेही म्हणते तेही खरंच वाटतं.

निवृत्तीनंतर त्या तिरुवैयारुला मुलाकडे राहत होत्या. अधूनमधून फोन व्हायचा, कामापुरता: दुसरी कशी आहे, जेवते का. परवाच्या रविवारी मी बसने तिकडे जाऊन आले. त्यांचा मुलगा सेंदिल नदीकडच्या रस्त्यावरच्या लहानशा घराच्या पडवीत मला घेऊन बसला. अम्मा शेवटपर्यंत या रस्त्यावरची बाळं बघायची, म्हणाला. कोणी बोलावो न बोलावो. नंतर पाय चालेनात, तेव्हा ती पडवीतल्या वेताच्या खुर्चीत बसायची आणि आया बाळं घेऊन इकडे यायच्या. आम्ही बोलत असतानाच समोरच्या घरातून एक तरुण मुलगी कडेवर तान्हं घेऊन भराभर पायऱ्या चढून आली. तोंडाने काही सांगतच होती, आणि सांगता सांगता तिने सवयीने बाळ दोन्ही हातांनी त्या वेताच्या खुर्चीपुढे धरलं. मग थांबली. सेंदिल खाली बघू लागला. ती तशीच हात पुढे करून उभी होती, म्हणून मी उठले आणि बाळ घेतलं. मुलगी होती. चांगली जड होती.