फाइलीच्या माथ्यावरची तारीख

पत्राच्या माथ्यावर मधोमध श्री आणि उजव्या कोपऱ्यात तारीख, ही सवय मला घरून लागली. पत्रं लिहिणं संपलं, सवय उरली. अंधेरीच्या ऑफिसात नवा असताना मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो एक यादी वाचायचा आणि तिच्यावरून कोडच्या तीनशे फाइली आपणहून लिहून काढायचा. प्रत्येक फाइलीच्या माथ्यावर मी श्री छापला आणि कोपऱ्यात तारीख, तास, मिनिट, सेकंद. सेकंदाशिवाय मला चैन पडेना. त्या दिवशी मी चार जणांना हाताला धरून स्क्रीनसमोर आणलं होतं.

आमच्याकडे कोडमध्ये काहीही बदललं की बिल्ड चालवावं लागतं, म्हणजे सगळ्या फाइलींचं मिळून एक चालणारं सॉफ्टवेअर तयार होतं. कालच्यासारखीच असलेली फाइल बिल्ड पुन्हा हाताळत नाही. तरी आमचं बिल्ड चाळीस मिनिटं घ्यायचं. कुणाची तक्रार नव्हती. तेवढ्यात खाली जाऊन कटिंग चहा होई, गप्पा होत, आणि गप्पा रंगल्या तर दुसरं कटिंग. या मंडळाचा अध्यक्ष मीच.

तक्रार निघाली शेजारच्या खुर्चीवरून. तिथली सहकारी माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. मला काका म्हणते आणि अरेतुरे करते, दोन्ही चिडवायलाच. तिची तीन वर्षांची मुलगी घाटकोपरला पाळणाघरात असते. पाळणाघर सातला बंद. बिल्ड पार पडल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा ऑफिसचा नियम. ती तीनदा उशिरा पोचली, तेव्हा पाळणाघराच्या बाईंनी बजावलं: सोमवारपासून एकदा जरी उशीर झाला तरी जागा दुसऱ्या मुलाला. घराजवळ दुसरं पाळणाघर नव्हतं. हे तिने मला बुधवारी सांगितलं.

"लवकर लावत जा ना बिल्ड," मी म्हणालो.

"लावते रे. ही चाळीस मिनिटं जातात कुठे ते सांग."

मी चहाला गेलो.

गुरुवारी तिने दर बिल्डच्या सुरुवातीला चालणाऱ्या माझ्या प्रोग्रामला नवी शिस्त लावली: नवी फाइल जुन्यासारखीच निघाली तर लिहूच नकोस, जुनीच राहू दे. बिल्ड लावलं. चाळीस मिनिटं. शुक्रवारी तिने एकाच फाइलीच्या दोन प्रती शेजारी शेजारी मांडल्या, कालची आणि आजची. सगळं तंतोतंत सारखं, एकच ओळ लाल. माझी तारीख. सेकंदासकट. म्हणजे दर बिल्डला तीनशेच्या तीनशे फाइली नव्या कोऱ्या ठरत होत्या, आणि बिल्ड बिचारं त्या सगळ्या पुन्हा घडवत बसत होतं.

मी खुर्ची जवळ ओढली, घसा साफ केला, आवाज खाली आणला. "मला एक कबुली द्यायची आहे."

"तूच लिहिलंयस, माहितेय. कुठली ओळ कुणाची ते दिसतं तिथे."

"मग बोलली का नाहीस?"

"तू चहा पिऊन आल्यावर बोलणार होते. चाळीस मिनिटं होती ना हातात."

मी थोडी घासाघीस करून पाहिली. सेकंद काढू, नुसती तारीख ठेवू.

"म्हणजे रोज सकाळी पुन्हा तीनशे," ती म्हणाली आणि ओळ पुसली. "श्री असू दे. तो रोज बदलत नाही."

सोमवारी पावणेसहाला तिने आपला बदल टाकला आणि बिल्ड लावलं. आमचं मंडळ उठून लिफ्टपर्यंत पोचलं असेल-नसेल, तोच बिल्ड पार पडलं. ती पर्स घेऊन आमच्याच लिफ्टमध्ये शिरली. मंडळातल्या एकाने माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. तो चहा आम्ही उभ्याउभ्याच प्यायलो.

मंगळवारी मी विचारलं, "पोचलीस का वेळेवर?"

"साडेसहालाच. बाई दारात येऊन म्हणाल्या, एवढ्या लवकर? आत मुलांचं भातुकलीचं लग्न चाललं होतं. आमची नवरीची आई. यायलाच तयार नाही."

"मग?"

"मग काय. लग्न लागेपर्यंत बसले जिन्यात."