उलटा उघडणारा व्हॉल्व्ह

जुन्या जालन्यातल्या आमच्या गल्लीत आज नऊ दिवसांनी पाणी यायचं होतं. पाळी दीड तासाची. ती संपली की पाणी पुढच्या गल्लीला जातं.

तास होत आला तरी नळ कोरडेच. पाणी सोडायचं काम आता एका खासगी कंपनीकडे आहे, म्हणून मी ॲपवर तक्रार केली. बाहेर आलो, तर कंपनीचा नवा माणूस घाम गाळत व्हॉल्व्ह फिरवत होता.

पालिकेत तीस वर्षं हेच काम करून निवृत्त झालेले सांडूकाका ओट्यावरून बघत होते. शेवटी ते उठले.

"बाबा, तू तर बंद करून राह्यला. हा उलटा उघडतो."

"कंपनीनं तसं सांगितलं न्हाई, काका."

"कंपनीला कोण सांगल? मला कुणी इचारलं का?"

काकांनी त्याच्या हातातली व्हॉल्व्हची चावी घेऊन उजवीकडे फेरे दिले. पाणी आलं. उरलेल्या वीस मिनिटांत सगळ्यांनी पिण्यापुरतं भरलं.

दुपारी मेसेज आला: तुमची तक्रार सोडवली आहे, आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल?

मी अजून उत्तर दिलेलं नाही. तुम्ही किती दिले असते?